डिस्कवर छापलेलं नाव आणि डिस्कचा साचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत डिस्क गोल्फवर पानभर मजकूर आला. कोल्हापुरात कुस्ती आणि फुटबॉल सोडून तिसऱ्या खेळाला पान मिळणं अवघड, म्हणून आधी मनापासून आभार. साखळ्यांची बास्केट कशी असते, कमीत कमी फेकीत फ्रिस्बीसारखी डिस्क तिच्यात टाकणारा कसा जिंकतो, हे सगळं नवख्याला कळेल असं लिहिलं होतं. माझी हरकत आहे ती शेजारच्या चौकटीला. तिथं डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांची लोकप्रियतेनुसार उतरंड लावली होती आणि खाली वाक्य होतं की नव्या खेळाडूनं डोळे झाकून पहिल्या दोन नावांतलं एक घ्यावं, दर्जाची काळजी राहत नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्या नातवाच्या वर्गातल्या दोन मुलांच्या वडिलांचे फोन आले, "काका, पहिल्या नंबरची मागवली तर चालेल ना?" त्यांना फोनवर जे सांगितलं ते पुरेसं झालं नाही असं वाटत राहिलं, म्हणून हे पत्र.

मी शिवाजी उद्यमनगरात अडतीस वर्षं डाय आणि मोल्ड, म्हणजे साचे, बनवले. बादल्यांची झाकणं, स्विचचे बॉक्स, फवारणी पंपाचे भाग, एका काळी टिफिनच्या कड्यासुद्धा. डिस्क गोल्फची डिस्क माझ्या कारखान्यात कधी झाली नाही. पण ती इंजेक्शन मोल्डिंगची, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून केलेली वस्तू आहे, आणि अशी वस्तू हातात आल्यावर तिच्याकडं कुठं बघायचं हे मला कळतं. खेळाशी गाठ पडली २०२२ साली. मुलगा अमेरिकेत मिशिगन राज्यात नोव्हाय गावी गाड्यांच्या कंपनीत आहे, त्याच्याकडं उन्हाळाभर होतो. तो शनिवारी हडसन मिल्स नावाच्या बागेत न्यायचा. झाडांतून, ओढ्याकाठानं माणसं खांद्याला पिशवी लावून डिस्क फेकत चाललेली. पहिल्या दिवशी मी नुसता मागून चाललो. दुसऱ्या शनिवारी पिशवीतल्या एकेक डिस्क काढून त्यांच्या कडा बघत बसलो, आणि मुलगा म्हणाला, "बाबा, फेका तरी एखादी."

योगायोग असा की नोव्हायच्या शेजारच्याच विक्सम गावात डिस्क्राफ्ट ही कंपनी आहे. १९७९ साली कॅनडातल्या लंडन नावाच्या गावात सुरू झाली आणि पुढं मिशिगनमध्ये आली. त्याच राज्यात मार्लेटला एमव्हीपी. कॅलिफोर्नियात इनोव्हा. स्वीडनमध्ये लॅटिट्यूड ६४ आणि कास्टाप्लास्ट. ही नावं आपल्या चौकटीत होती. पण चौकटीत ती कुस्तीच्या आखाड्यातले वेगवेगळे मल्ल असावेत तशी एकाखाली एक मांडली होती, आणि पहिली चूक तिथंच आहे.

डिस्कवर छापलेलं नाव आणि डिस्क ज्या मशीनमधून पडली त्या कारखान्याचं नाव, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिनलंडची डिस्कमेनिया कितीतरी वर्षं आपल्या डिस्क इनोव्हाकडून बनवून घेत होती. मिलेनियमच्या डिस्क इनोव्हाच बनवते. फिनलंडची वेस्टसाइड आणि कॅन्ससमधल्या एम्पोरियाची डायनॅमिक डिस्क्स, या दोघींचा माल बरीच वर्षं स्वीडनमध्ये लॅटिट्यूड ६४ च्या कारखान्यात पडायचा. म्हणून खेळाडू या तिघींना मिळून 'ट्रिलॉजी' म्हणतात. ॲक्झिऑम आणि स्ट्रीमलाइन ही एमव्हीपीच्याच घरातली नावं. म्हणजे आपल्या चौकटीतली तिसरी आणि सातवी कंपनी मी एका हातात धरली तर प्लास्टिक तेच, कडेची सफाई तीच, आणि आपण एकीला वरच्या दर्जाची नि दुसरीला खालच्या दर्जाची ठरवून मोकळे झालो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग देशभरच्या गाड्यांत बसतं, त्याच्यावर आपलं नाव कुठं असतं? कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट दुसऱ्या कुणी समजावून सांगायला नको.

आता लोकप्रियतेचं. ती खोटी नसते, तिलाही कारणं असतात. इनोव्हा मोठी झाली ती एका खऱ्या शोधावर. १९८३ पर्यंत लोक साध्या फ्रिस्बीसारख्या गोल, जाड कडेच्या डिस्कनं खेळायचे. डेव्ह डुनिपेस यांनी त्या वर्षी कडेला तिरका उतार दिला आणि 'ईगल' नावाची डिस्क काढली. कड वाऱ्याला कापू लागली आणि फेकीची लांबी एकदम वाढली. आज कुठल्याही कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, घ्या, त्याच्या कडेत त्या ईगलचं रक्त आहे. पुढं केन क्लायमो यांनी बारा वेळा जगज्जेतेपद मिळवलं, हातात इनोव्हाचा एव्हिअर, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क, पटर. त्या डिस्कवर त्यांच्या नावाची आद्याक्षरं घालून ती वेगळी विकली जाते. मग पॉल मॅकबेथ. हे इनोव्हा सोडून डिस्क्राफ्टकडं गेले आणि २०२१ साली त्यांचा दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार झाला. त्याच वर्षी युटा राज्यातल्या ऑग्डेनला जागतिक स्पर्धेच्या अखेरच्या होलवर जेम्स कॉनरॅड एका फेकीनं मागं होते. त्यांनी सुमारे पंचाहत्तर मीटरवरून डिस्क थेट साखळ्यांत घातली, बरोबरी साधली आणि पुढच्या प्लेऑफमध्ये मॅकबेथ यांनाच हरवलं. ती डिस्क होती ॲक्झिऑमची 'एन्व्ही'. ती फेक मी मुलाच्या फोनवर निदान पन्नास वेळा पाहिली असेल. ती बघून कुणालाही एन्व्ही घ्यावीशी वाटेल, मीही घेतली. पण त्या फेकीनं एन्व्हीचा साचा रातोरात सुधारला नव्हता. तो आदल्या दिवशीही तेवढाच चांगला होता आणि तेव्हा ती तेवढी मागितली जात नव्हती.

आपल्याकडं शाहू स्टेडियममध्ये फुटबॉलला पाटाकडील संघाच्या बाजूला बसलेल्या माणसाला दिलबहारचा गोलकीपर चांगला आहे हे कबूल करायला जड जातं. पेठेचं रक्त असतं ते, मी मंगळवार पेठेचा आहे, मला कुणी शिकवू नये. अमेरिकेतले डिस्क गोल्फवाले कंपन्यांच्या बाबतीत अगदी तसे आहेत. एखाद्याच्या पिशवीत सगळ्या डिस्क एकाच कंपनीच्या, टोपीही तिचीच. खेळात अशी निष्ठा शोभते. सामान घेताना ती बाजूला ठेवावी.

मग दर्जा कशात बघायचा? माझ्यापुरतं उत्तर एकच आहे. आज घेतलेली डिस्क हरवली आणि सहा महिन्यांनी त्याच नावाची, त्याच प्लास्टिकची, त्याच वजनाची दुसरी घेतली, तर ती पहिलीसारखीच उडते का. बस्स. मोल्ड बनवणाऱ्याची सगळी परीक्षा यातच असते. पहिला नमुना कुणीही चांगला काढतो, चाळीस हजारावा नग पहिल्यासारखा निघाला पाहिजे.

माझ्याकडं एका नावाजलेल्या कंपनीचे दोन ड्रायव्हर आहेत. मॉडेल एक, प्लास्टिक एक, दोन्हींवर १७५ ग्रॅम लिहिलेलं, एक लाल आणि एक फिकट निळा. केर्लीच्या माळावर फेकले की लाल शेवटी थोडा डावीकडं वळून पडतो, निळा मात्र अर्ध्यातच डाव्या अंगाला कोसळतो. नातू म्हणायचा, "आबा, निळी बाद हाय, टाकून द्या." टाकून द्यायच्या आधी मी दोन्ही घेऊन माझ्या जुन्या कारखान्यात गेलो. आता तो माझा भाचा चालवतो. सरफेस प्लेट, म्हणजे मापं घ्यायचा सपाट पाट, पुसली, दोन्ही डिस्क पालथ्या न घालता, फेकताना असतात तशा ठेवल्या आणि हाइट गेज लावला. लाल डिस्कचा माथा निळ्यापेक्षा दीड मिलिमीटर वर. मग कडेखाली फिलर गेज सरकवला. लाल सगळीकडून प्लेटला टेकलेली, निळीच्या एका बाजूला पाव मिलिमीटरची पट्टी आत गेली. वजन गुजरीतल्या मित्राच्या सोन्याच्या काट्यावर केलं. लाल १७४.६, निळी १७२.९. निळीच्या पोटात मधोमध, जिथून प्लास्टिक आत शिरतं त्या गेटपाशी, बोट फिरवल्यावर हलकासा खड्डा लागत होता.

भाच्यानं एका नजरेत सांगितलं, "मामा, गरम काढलीय." माझंही तेच मत. डिस्क साच्यातून बाहेर पडते तेव्हा ती पुरती थंड झालेली नसते. पुढं टेबलावर ती आकसत राहते. २१ सेंटिमीटरच्या डिस्कवर एक टक्का आकसणं धरलं तरी दोन मिलिमीटर झाले. साच्यात किती सेकंद ठेवली, पाणी किती गार होतं, काढल्यावर कशावर ठेवली, रंगाचा मास्टरबॅच कुठला, या सगळ्यांवर माथा फुगीर राहणार की बसणार हे ठरतं. माथा फुगीर असला की डिस्क हवेवर तरंगते, बसला की तरंगणं कमी होतं आणि ती लवकर खाली येते. शिवाय कडेचं नाक खालच्या पातळीपासून किती उंचीवर आहे, खेळाडू त्याला पार्टिंग लाइनची उंची म्हणतात, ती केसभर वाढली तरी उजव्या हातानं बॅकहँड फेकलेली डिस्क डावीकडं ओढायला लागते. एवढ्याशा फरकानं एवढा परिणाम होणारी प्लास्टिकची वस्तू मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. बादलीचं झाकण पाव मिलिमीटर वाकडं असलं तर कुणाला कळतसुद्धा नाही.

त्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. दोन डिस्कवरून कुणाचा निकाल लावणं बरोबर नाही, आणि तिच्याच दुसऱ्या डिस्क माझ्याकडं अव्वल आहेत. पण ती आपल्या चौकटीत बरीच वर आहे एवढं सांगतो. दर्जाची काळजी राहत नाही, हे वाक्य म्हणून मला बोचलं.

उलट बाजूही सांगायला हवी. एमव्हीपीच्या डिस्क दोन प्लास्टिकच्या असतात. आतली थाळी एका प्लास्टिकची, बाहेरचं कडं दुसऱ्या, जड प्लास्टिकचं. याला ओव्हरमोल्ड म्हणतात. आधी एक भाग काढायचा, तो दुसऱ्या साच्यात बसवायचा आणि त्याच्यावर दुसरं प्लास्टिक सोडायचं. आम्ही हे काम स्क्रू ड्रायव्हरच्या मुठींसाठी केलंय आणि त्यात आमचा जीव गेलाय. पहिला भाग जरा आकसला की सांध्यात फट पडते किंवा दुसरं प्लास्टिक आत घुसून ओघळ येतो. एन्व्ही हातात आल्यावर मी पहिल्यांदा सांध्यावरून नख फिरवलं, पूर्ण फेरा. कुठं अडकलं नाही. दुसरी घेतली, तीही तशीच. वजन कडेला असल्यामुळं गिरकी जास्त वेळ टिकते असं कंपनी सांगते आणि ते बरोबर आहे, जड आरीचा भोवरा जास्त वेळ फिरतो तसंच ते. डिस्क्राफ्टची 'बझ' माझ्याकडं तीन आहेत, तिघी वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या. डोळे मिटून हातात द्या, मला ओळखता येणार नाहीत. सरळ फेकली तर सरळ जाते, वाकडी फेकली तर वाकडी जाऊन हातातला दोष दाखवते. मधल्या पल्ल्याची डिस्क म्हणून इतके लोक तिचं नाव घेतात ते उगीच नाही. इथं लोकप्रियता आणि दर्जा एका ठिकाणी आले आहेत, हे मी आनंदानं लिहितो.

कास्टाप्लास्टची 'बर्ग' वेगळ्याच वळणाची. वरच्या अंगाला अंगठा बसायला खाच, आणि तरंगणं जवळजवळ नाहीच. फेकाल तिथं दगडासारखी पडते. उताराच्या होलवर, वाऱ्यात, तिच्यासारखी भरवशाची दुसरी नाही. माझ्या वयाच्या माणसानं ती जरूर वापरावी. प्रॉडिजी कंपनीच्या बऱ्याच डिस्कना बहिरी ससाण्याची किंवा राक्षसाची नावं नसतात, अक्षर आणि आकडा असतो, एम ४, डी १ असा. अक्षरावरून डिस्कचा प्रकार कळतो आणि आकडा जितका लहान तितकी ती डावीकडं ओढणारी. वर्कशॉपमधल्या पार्ट नंबरसारखं आहे, मला फार आवडलं. आयझॅक रॉबिन्सन यांनी २०२३ आणि २०२४ ची जागतिक विजेतेपदं याच डिस्कवर जिंकली. आपल्या चौकटीत प्रॉडिजी तळाला होती.

आता डिस्कवरच्या चार आकड्यांबद्दल, कारण फोन करणाऱ्या दोन्ही पालकांचा घोळ तिथंच होता. स्पीड, ग्लाइड म्हणजे तरंगणं, टर्न म्हणजे सुरुवातीचं वळण आणि फेड म्हणजे शेवटचं वळण, असे ते चार. इनोव्हानं ही पद्धत रुजवली, आता जवळपास सगळेच छापतात. स्पीड म्हणजे डिस्क किती वेगात जाते असं पालकांना वाटतं. तसं नाही. ती नीट उडायला तुम्ही तिला किती वेग द्यायला हवा, तो आकडा म्हणजे स्पीड. इनोव्हाच्या डिस्ट्रॉयरवर १२ आहे, एव्हिअरवर २. डिस्ट्रॉयरला दंडात ताकद आणि फेकीत सफाई असलेला माणूस लागतो. तो वेग मिळाला नाही तर ती उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीत सुरुवातीपासूनच डावीकडं झुकते आणि तीस-चाळीस मीटरवर जमिनीला लागते. आपल्या गल्लीतला भोवरा फिरून फिरून मंदावला की एका अंगाला कलंडतो, हवेतल्या डिस्कचं तसंच होतं. फिरणं आणि वेग यांची सांगड सुटली की ती कलणारच.

आणखी एक. हे आकडे ज्याची त्याची कंपनी ठरवते. जागतिक संघटना, पीडीजीए, १९७६ पासूनची, डिस्कची मापं तपासून मान्यता देते. व्यास किमान २१ सेंटिमीटर, व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम, काही झालं तरी २०० ग्रॅमच्या आत, कडेची रुंदी २.६ सेंटिमीटरच्या आत. २१.२ सेंटिमीटरच्या डिस्कला ८.३ नं गुणा, १७५.९६ येतात. जिथं तिथं १७५ का लिहिलेलं असतं ते यावरून कळेल. पण ती कशी उडते याचा आकडा संघटना देत नाही. म्हणून एका कंपनीची ९ आणि दुसरीची ९ शेजारी ठेवून बरोबरी करू नये, आणि आपल्या चौकटीत तसा एक तक्ता होता.

माझ्या नातवाचा अनुभव सांगतो. मी मिशिगनहून परतायच्या आधीच, तो अकरा वर्षांचा असताना, त्याच्या वडिलांच्या मित्रानं कौतुकानं त्याला तीन डिस्कचा संच मागवून दिला होता. विकणाऱ्यानं लिहिलं होतं 'नवशिक्यांसाठी, सर्वाधिक लोकप्रिय मॉडेल'. आत तिन्ही ड्रायव्हर, स्पीड ११, १२ आणि १३, वजन सगळ्यांचं १७० च्या वर. पोरगं दोन महिने फेकत होतं. रोज संध्याकाळी मला फोनवर विचारायचा, "आबा, मी तर जोरात टाकतोय, मग डावीकडंच का जातीय?" खांदा दुखायला लागला आणि त्यानं खेळ सोडला. मी आलो तेव्हा संच पलंगाखाली धूळ खात पडला होता. त्या पोराच्या हातात काही खोट नव्हती. मी त्याला इनोव्हाचा कमी स्पीडचा, डीएक्स प्लास्टिकचा, १५० ग्रॅमचा लेपर्ड दिला. पहिल्याच दिवशी डिस्क हवेत उजवीकडं वळून, परत सरळ होऊन, माळाच्या मध्यावर जाऊन बसली. तो पळत गेला, उचलून घेऊन आला आणि काही न बोलता परत फेकायला उभा राहिला.

डीएक्स म्हणजे इनोव्हाचं सगळ्यांत स्वस्त प्लास्टिक. अमेरिकेत दहा डॉलरच्या आसपास मिळतं, चॅम्पियन आणि स्टार जवळपास दुपटीला. इथं सगळ्यांचा समज असा की महाग ते नवशिक्याला चांगलं. महाग प्लास्टिक टिकाऊ असतं यात शंका नाही. केर्लीच्या मुरमावर डीएक्सच्या कडेला महिन्यात टवके पडतात, चॅम्पियनवर ओरखड्यापलीकडं काही होत नाही. पण तोच साचा, तोच लेपर्ड, चॅम्पियनमध्ये नवा असताना जरा हट्टी उडतो, म्हणजे डावीकडं ओढतो, आणि डीएक्समध्ये मवाळ. शिवाय स्वस्त प्लास्टिकला हाताची पकड चांगली बसते, पावसात तर जास्तच. शिकणाऱ्याला मवाळ डिस्क हवी. झिजली की ती आणखी उजवीकडं वळू लागते, मग तिचा तसा उपयोग करता येतो, अनुभवी खेळाडू मुद्दाम अशी झिजलेली डिस्क सांभाळून ठेवतात.

तेव्हा त्या दोन पालकांना मी जे सांगितलं तेच आपल्या वाचकांना सांगतो. एक पटर घ्या, एक मधल्या पल्ल्याची घ्या, वर्षभर एवढ्यावरच खेळा. एव्हिअर आणि बझ घेतल्या तर चुकणार नाही. एन्व्हीही चालेल. तिसरी घ्यायचीच तर लेपर्ड. मुलांना १५० ते १६० ग्रॅम पुरे. मोठ्या स्पीडचा ड्रायव्हर दुसऱ्या वर्षी. आणि घेताना शक्य असेल तर डिस्क हातात घ्या, सपाट फरशीवर ठेवा, कड सगळीकडून टेकते का बघा, आतल्या कडेवरून बोट फिरवा. प्लास्टिकचा धारदार पापुद्रा राहिला असेल तर, आम्ही त्याला फ्लॅश म्हणतो, तो बोट कापतो. बारीक पॉलिश पेपरनं हलकेच काढता येतो.

रंकाळ्यावर फेकू नका, हे मात्र कळकळीनं सांगतो. संध्याकाळी वारा पश्चिमेकडून येतो. समोरून वारा आला की डिस्कच्या दृष्टीनं तिचा वेगच वाढलेला असतो आणि ती नेहमीपेक्षा जास्त उजवीकडं वळते. माझी पहिली बझ, विक्समच्या शेजारी राहून घेतलेली, अशीच वळली आणि पाण्यात गेली. बहुतेक डिस्क बुडतात. इनोव्हाच्या ड्रॅगन आणि हायड्रा या दोन तरंगतात, पाण्याजवळच खेळायचं असेल तर त्या घ्याव्यात. शिवाय रंकाळ्यावर फिरायला येणारी म्हातारी माणसं, लहान मुलं असतात. १७५ ग्रॅमची पातळ कडेची डिस्क कपाळाला लागली तर टाके पडतात. अल्टिमेट, म्हणजे डिस्क झेलत खेळायचा सांघिक खेळ, खेळणाऱ्या पोरांच्या हातातली डिस्क्राफ्टची अल्ट्रा-स्टारही १७५ ग्रॅमचीच, पण तिची कड बोथट आणि व्यास मोठा. ती झेलायची डिस्क, ही झेलायची नव्हे. दोन्हींत गल्लत नको.

पत्र लांबलं, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या लेखात असंही होतं की चांगली डिस्क भारतात बनणं शक्य नाही, तंत्रज्ञान परदेशी आहे. साचा दोन प्लेटचा आहे, साहेब. २१ सेंटिमीटरच्या गोलाचं क्षेत्रफळ ३४६ चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला चारशे किलोचा दाब धरला तरी १४० टनाचं काम, दीडशे-दोनशे टनी मशीनवर आरामात बसतं. तसल्या मशीनवर मी शिरोलीत कितीतरी ट्रायली घेतल्यात. अवघड आहे ते पोलाद कापणं नव्हे. अवघड आहे प्लास्टिकचं मिश्रण, पकड आणि टिकाऊपणा एकत्र बसवणारं, जे प्रत्येक कंपनी जिवापाड लपवते. आणि त्याहून अवघड, प्रत्येक नग तेवढेच सेकंद गार करणं, घाई न करता. दर तासाला ऑर्डर किती निघाली हे विचारणारा मालक असला की ते होत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगतो. उद्यमनगरातल्या कुणा तरुण मोल्डवाल्याला हे करून बघायचं असेल तर माझी सगळी मापं, सगळ्या डिस्कच्या कडांचे छेद कागदावर काढलेले आहेत, ते मी देईन. दुसऱ्याचा साचा जसाच्या तसा उचलायला नव्हे. कुठला आकार का तसा आहे, हे समजून घ्यायला.

बास्केट तर आम्ही केलीच आहे. सायकलची जुनी रिम, तिला हार्डवेअरच्या दुकानातल्या साखळ्या लोंबत्या, खाली सळईची जाळी, मध्ये दीड इंची पाइप. भाच्यानं एका दुपारी वेल्डिंग केलं. डिस्क लागली की साखळ्यांचा जो आवाज होतो तो हडसन मिल्सला व्हायचा तसाच होतो.

आपण ती चौकट पुन्हा छापणार असाल तर एवढी विनंती आहे: नावांसमोर लोकप्रियतेचा क्रमांक देण्याऐवजी कुणाचा माल कुठल्या कारखान्यात होतो, कुठलं प्लास्टिक कशाला, आणि कुठलं मॉडेल कुठल्या वयाच्या माणसाला, हे द्या. माहिती मी लिहून द्यायला तयार आहे.

ज्यांना डिस्क विकत घेण्याआधी हातात धरून बघायच्या असतील त्यांनी रविवारी सकाळी सातला केर्लीच्या माळावर यावं. माझ्याकडं सहा कंपन्यांच्या मिळून एकोणीस डिस्क आहेत, सगळ्या फेकून बघा. पावसाळा लागायच्या आत या, कारण एकदा गवत गुडघ्याएवढं झालं की डिस्क शोधण्यात सकाळ जाते. स्वतःची आणणार असाल तर हिरवी आणू नका, पिवळी किंवा गुलाबी आणा.

आपला,
एक निवृत्त डायमेकर
मंगळवार पेठ, कोल्हापूर